आमची वाटचाल : खुळखुळणाऱ्या कॅमेऱ्यांचं दुकान

कॅमेरा कानाशी धरून हलवला आणि आत काहीतरी खुळखुळलं, की कोल्हापुरातला फोटोग्राफर आमच्याकडे यायचा. २०१३ साली समोरच्या फुटपाथला काचेचं दार आणि एसी लावून दुसऱ्या एकानं दुकान उघडलं, ‘एका तासात दुरुस्ती’ असा भला मोठा बोर्ड. नाव लिहीत नाही, धंद्यातल्यांना ते ठाऊक आहे.

त्याआधीचं थोडक्यात. वडील रोलच्या कॅमेऱ्यांचं काम करायचे. शेजारच्या टेबलावर घड्याळवाले मामा, भाड्यात निम्मे भागीदार. आमची शिस्त सगळी मामांची. काढलेला स्क्रू वाटीत टाकायचा नाही. कागदावर कॅमेऱ्याचा आकार काढायचा आणि ज्या जागेचा स्क्रू त्या जागी चिकटपट्टीखाली ठेवायचा. डिजिटल आलं तसं या कागदाचं मोल कळलं. एकाच बॉटम कव्हरला दोन-तीन लांबीचे स्क्रू असतात, जाडी १.४ किंवा १.७ मिलिमीटर, डोकी सारखीच. आखूड जागी लांब स्क्रू बसला की तो खालच्या फ्लेक्समध्ये, म्हणजे लवचीक सर्किटच्या पट्टीत, घुसतो. मामा गेले, त्यांचा आयग्लास (डोळ्याला लावायचं भिंग) आणि पितळी चिमटा अजून माझ्या हाताशी आहे. (पितळी चिमट्याला चुंबक लागत नाही, हे नव्या पोरांना पटत नाही.) दुकान बरं चाललं होतं, त्यात सांगण्यासारखं काही नाही.

समोरच्यानं रेट निम्म्यावर आणला. आमचा हाताखालचा पोरगा पगार वाढवून नेला, त्याला दोष देत नाही. गिऱ्हाईक मात्र एका सीझनमध्ये पांगलं. जे यायचे ते दारातूनच विचारायचे, “तासात मिळेल का?” मिळणार कसा? ग्रिपचं रबर सोलायचं, कारण निम्मे स्क्रू त्याखाली. फ्लॅश असेल तर त्याच्या कपॅसिटरमध्ये ३०० व्होल्टच्या आसपास चार्ज बसलेला असतो, तो रेझिस्टर लावून उतरवायचा. स्क्रू-ड्रायव्हर आडवा टाकून ठिणगी पाडणारे हिरो मी पाहिलेत. त्यानंतर कुठे कव्हर उघडतं.

सहा-आठ महिन्यांनी तिथले कॅमेरे आमच्या टेबलावर यायला लागले आणि उघडल्यावर जीव जळायचा. जपानी स्क्रूची फुली वेगळी असते, तिला जपानी मापाचाच ड्रायव्हर लागतो. बाजारातला साधा फिलिप्स तिच्यात पूर्ण उतरत नाही, जोर दिला की वर उसळतो आणि डोकं खाऊन टाकतो. आम्ही व्हेसल या जपानी कंपनीचे ड्रायव्हर मागवतो, महाग पडले तरी. तिथं डोकी चेपलेली, आटे मेलेले, आणि सैल स्क्रू परत निघू नये म्हणून त्यावर चक्क इन्स्टंट ग्लू! त्याची वाफ बंद बॉडीत फिरते आणि काचेवर पांढरी साय धरते. व्ह्यूफाइंडर धुरकट झाला म्हणून आलेल्या कॅमेऱ्यांत हेच निघायचं.

स्क्रूला लॉकर, म्हणजे तो ढिला होऊ नये म्हणून आट्यांत लावायचा द्रव, लावायचाच तर जांभळा, लॉक्टाइट २२२, टाचणीच्या टोकावर मावेल एवढा आणि तोही धातूच्या आट्यांत. लाल लावलात तर तापवल्याशिवाय निघणार नाही, आणि कॅमेरा तापवणार कसा? प्लास्टिकमध्ये लॉकर घालूच नका, प्लास्टिक तडकतं. तिथं स्क्रू आधी उलटा फिरवायचा, जुन्या आट्यात टक् करून बसतो, मग हलक्या हातानं सुलटा.

गडहिंग्लजचे आण्णा, लग्नांचे आणि कुस्तीच्या मैदानांचे फोटो काढणारे. कॅमेरा बॅगेत, बॅग मोटारसायकलच्या टाकीवर, रस्ते उसाच्या ट्रॅक्टरांनी फोडलेले. त्यांचा कॅमेरा आडवा धरला की चालू, उभा धरला की बंद. समोर सांगितलं मेन बोर्ड गेला, १८ हजार. आण्णा रस्ता ओलांडून आले आणि म्हणाले, “तुम्ही बघा, मी चहा पिऊन येतो.” मी म्हटलं, जेवून या. ट्रायपॉडच्या प्लेटचा एक स्क्रू सुटून बोर्डाखाली फिरत होता आणि उभा धरला की बोर्डावरच्या दोन पिनांना शॉर्ट करत होता. बाकीचेही ढिलेच होते. ६०० रुपये घेतले. लेन्सच्या माउंटचे (लेन्स बसते त्या कडीचे) स्क्रूही तपासून दिले, समोरासमोरचे आळीपाळीनं आवळून. माउंटपासून सेन्सर ठरल्या अंतरावर हवा (निकॉनच्या एफ माउंटला ४६.५ मिलिमीटर), त्यात केसभर तिरकं झालं तरी फोटोची एक बाजू धूसर येते आणि लोक लेन्सला शिव्या देतात. भिंतीला वर्तमानपत्राचं पान लावून, त्याचा फोटो काढून चारी कोपरे वाचून दाखवल्यावरच आण्णांना कॅमेरा दिला.

आण्णांनी हे गडहिंग्लजपासून आजऱ्यापर्यंत सांगितलं. समोरच्यानंही सांगितलं, की मी बोर्ड बदलून जुना विकला. ते अजून डोक्यातून गेलेलं नाही. बोर्ड दाखवायला आण्णा स्वतः त्याच्या काउंटरवर गेले होते, एवढंच लिहितो.

ऑगस्ट २०१९ च्या पुरात पंचगंगेचं पाणी आमच्या टेबलावर चढलं, पुढच्या वर्षी लग्नंच बंद झाली. दुकानच विकायला काढलं होतं. तेव्हा आण्णांनी ओळखीच्या फोटोग्राफरांचे पडून असलेले कॅमेरे सर्व्हिसिंगला म्हणून पोत्यात भरून आणले आणि ॲडव्हान्स टेबलावर ठेवला. समोरचा आता मोबाइलची कव्हरं विकतो.

आता विचारलं नाहीत तरी सांगतो. प्रत्येक आवाज म्हणजे सैल स्क्रू नव्हे. सेन्सर हलवून स्थिर ठेवणाऱ्या नव्या कॅमेऱ्यात बंद असताना सेन्सर मोकळा डुलतो, तो टकटकतोच. चालू केल्यावर थांबला तर घरी जा. थांबला नाही तर पुन्हा हलवून बघू नका, बॅटरी काढा आणि घेऊन या. एखादा स्क्रू बॅगेत सापडला असेल तर तोही डबीत आणा, लांबीवरून त्याची जागा कळते.