उंटाच्या पिंजऱ्याची उंची

आमच्या संस्थेत प्राण्यांवरील प्रयोगाचा प्रस्ताव संगणकावरच भरावा लागतो, आणि त्या अर्जाच्या चौथ्या पानावर ‘पिंजऱ्याची लांबी, रुंदी, उंची (सेंटीमीटर)’ असा एक रकाना आहे. तो भरल्याशिवाय पाचवे पान उघडत नाही. उंदीर, ससे आणि गिनीपिग यांच्या बाबतीत ही विचारणा अगदी रास्त आहे. परंतु मला ज्या प्राण्याचे जेमतेम १०० मिलिलिटर रक्त हवे होते, तो राजस्थानात मोकळ्या आवारात उभा होता, त्याचे वजन ५०० किलोच्या घरात होते आणि पिंजरा त्याने जन्मात पाहिलेला नव्हता. त्या रकान्यापाशी जे अडले ते सुटायला दहा महिने लागले. पुढे प्रयोगशाळेत जे काही झाले ते याच्या मानाने फार सोपे होते, म्हणून हा अनुभव मुख्यतः त्या दहा महिन्यांचाच आहे.

उंटच का, हे आधी सांगायला हवे. माणसाच्या प्रतिपिंडात (अँटिबॉडीत) प्रथिनांच्या दोन जड आणि दोन हलक्या साखळ्या असतात. उंट, लामा आणि अल्पाका यांच्या रक्तात मात्र नेहमीच्या प्रतिपिंडांबरोबर हलक्या साखळ्या मुळीच नसलेली प्रतिपिंडेही असतात. ब्रसेल्समधील रेमंड हॅमर्स यांच्या गटाने हे १९९३ मध्ये प्रसिद्ध केले. अशा प्रतिपिंडाचे प्रतिजनाला, म्हणजे ते ज्या परक्या रेणूला पकडते त्याला, चिकटणारे टोक तेवढे वेगळे काढले, की सुमारे १५ किलोडाल्टन वस्तुमानाचा, म्हणजे पूर्ण प्रतिपिंडाच्या दहाव्या हिश्श्याएवढा, सुटा आणि टणक तुकडा हाती येतो. त्यालाच नॅनोबॉडी म्हणतात. २०१८ मध्ये कॅप्लासिझुमॅब हे या जातीचे पहिले औषध रक्ताच्या एका दुर्मीळ आजारासाठी युरोपात मंजूर झाले.

आमचा विषय हाडांच्या वाढीचा होता. ॲकॉन्ड्रोप्लाझिया या विकारात हातपाय आखूड राहतात, आणि बहुतेक सर्व रुग्णांत त्याचे कारण एकच असते: एफजीएफआर३ या ग्राहीतील, म्हणजे पेशीच्या पृष्ठभागावर संदेश टिपणाऱ्या प्रथिनातील, ३८० व्या जागी ग्लायसीन या अमिनो आम्लाऐवजी आर्जिनीन येते. हा ग्राही हाडाच्या टोकाशी असलेल्या कूर्चापेशींच्या वाढीला आवर घालतो. या एका बदलामुळे तो आवर गरजेपेक्षा जास्त घट्ट बसतो. यावर २०२१ मध्ये व्होसोरिटाइड हे औषध आले, पण ते मुलांना रोज टोचावे लागते. कूर्चेत रक्तवाहिन्या नसल्यामुळे तिथे मोठा रेणू झिरपणे कठीण असते, म्हणून लहानशी नॅनोबॉडी तिथवर पोहोचवून ग्राहीला चिकटणारे एफजीएफ९ आणि एफजीएफ१८ हे संदेशक रेणू अडवता येतील का, एवढाच आमचा प्रश्न होता. औषध तयार केल्याचा दावा मी करत नाही.

आता पिंजऱ्याकडे येते. मी प्रथम त्या रकान्यात शून्य भरले. ‘मूल्य अवैध’ अशी लाल अक्षरे आली. आवाराची खरी मापे सेंटीमीटरमध्ये भरली, तर कमाल मर्यादा १५० असल्याचे कळले. शेवटी मी हे अर्ज तपासणाऱ्या तळमजल्यावरच्या कक्षात गेले. तिथल्या कारकुनांनी चष्मा वर करून सांगितले, “मॅडम, रिकामा ठेवता येत नाही. तुम्ही काहीतरी टाकून द्या, पुढचं पुढे बघू.” मी तिन्ही ठिकाणी १५० टाकले. पाच आठवड्यांनी त्याच कक्षातून लेखी त्रुटी आली: ‘१५० सेंटीमीटर उंचीच्या पिंजऱ्यात उंट कसा ठेवणार, याचा खुलासा करावा.’

मी खुलासा केला. त्यावर दुसरी त्रुटी आली ती प्राण्याला वेदनारहित मृत्यू कसा देणार याविषयी, कारण तोही रकाना सक्तीचा होता आणि मी त्यात ‘लागू नाही’ असे लिहिले होते. उंटाला मारायचे नाही, त्याच्या रक्तात एफजीएफआर३ विरुद्धची प्रतिपिंडे तयार व्हावीत म्हणून त्या ग्राहीची, आठवड्याला एक अशी सहा इंजेक्शने त्वचेखाली द्यायची, शेवटच्या इंजेक्शनानंतर चार-पाच दिवसांनी रक्त घ्यायचे आणि तो पुन्हा कळपात जाणार, हे मी सविस्तर लिहून दिले. त्यानंतर शवाच्या विल्हेवाटीसाठी कंत्राटदाराचे संमतिपत्र मागण्यात आले. या काळात मी त्या कक्षाचे इतके हेलपाटे घातले, की दारावरचे शिपाई मला पाहताच ‘साहेब जेवायला गेलेत’ असे न विचारता सांगू लागले.

खरा पेच मात्र रकान्यांच्या पलीकडचा होता. उंट ज्या संस्थेकडे होता तिची स्वतःची प्राणी नैतिकता समिती होती. तिथले लोक म्हणत होते, की तुमच्या संस्थेचे ना-हरकत पत्र आले, की आम्ही प्रस्ताव बैठकीत ठेवतो. आणि आमचा कक्ष म्हणत होता, की आधी त्यांची मंजुरी आणा, मग आम्ही ना-हरकत देतो. दोन्ही पत्रांची प्रत माझ्याकडे होती. मी ती एकाखाली एक ठेवून, अधोरेखित करून, वरिष्ठांना दाखवली, तेव्हा त्यांनी ‘हे तुम्ही आपसात सोडवा’ असा शेरा मारून कागद परत पाठवले. आपसात म्हणजे कोणी कोणाशी, हे आजही मला समजलेले नाही.

हा पेच ज्यांनी सोडवला ते दुसऱ्याच विभागातले, निवृत्तीला दोन महिने राहिलेले एक अधीक्षक होते. चहाच्या टपरीवर माझे गाऱ्हाणे ऐकून त्यांनी विचारले, “उंटाला हात कोण लावणार आहे?” मी म्हटले, तिथले पशुवैद्यक. “मग प्रयोग त्यांचा. तुमच्याकडे फक्त नमुना येतोय. तसं लिहा की.” इतके साधे होते. इंजेक्शन देणे आणि रक्त काढणे ही कामे यजमान संस्थेच्या पशुवैद्यकांच्या नावाने त्यांच्याच अर्जात जायला हवी होती, आणि आमच्या समितीपुढे ‘बाहेरील मंजूर प्रयोगातून आलेला नमुना’ एवढीच नोंद व्हायला हवी होती. मी मात्र अननुभवामुळे सगळाच प्रयोग आमच्या संगणकावर चढवून बसले होते. ज्यांना पुढे असे काम करायचे आहे त्यांना माझे पहिले सांगणे हेच आहे: प्राण्याला स्पर्श कोण करणार हे ठरल्याशिवाय एकही अर्ज उघडू नका.

यजमान संस्थेच्या बैठकीत मला वीस मिनिटे मिळाली. अशा समितीत विज्ञानाशी संबंध नसलेले एक सदस्य असावेच लागतात, आणि त्या दिवशी सर्वांत चांगला प्रश्न त्यांनीच विचारला: “तुमची लस उंटाच्या अंगातही वाढीचा ब्रेक सैल करणार असेल, तर उंट आणखी उंच होणार नाही का?” दोघे-तिघे हसले, मी हसले नाही. एफजीएफआर३ नसलेल्या उंदरांची हाडे खरोखरच प्रमाणाबाहेर लांब वाढतात, त्यामुळे शंका रास्त होती. उत्तर असे, की पूर्ण वाढ झालेल्या प्राण्याच्या हाडांची वाढीची टोके मिटलेली असतात. त्यांच्या प्रश्नामुळे प्रस्तावात ‘पूर्ण वाढ झालेला’ हे शब्द घातले गेले. मोठ्या प्राण्यांवरील प्रयोग संस्थेच्या समितीने शिफारस करून केंद्राच्या समितीकडे पाठवायचे असतात. ती पायरी निर्वेध पार पडली आणि मंजुरी आली.

ती आली डिसेंबरात, आणि इथे चूक सर्वस्वी माझी होती. प्रस्तावात मी ‘नर’ लिहिले होते. हिवाळा हा उंटांच्या माजाचा काळ. त्या दिवसांत नर खाणेपिणे कमी करतो, तोंडातून गुलाबी फुग्यासारखी टाळूची पिशवी बाहेर काढून घुरघुरतो आणि कोणाच्याही अंगावर जातो. पशुवैद्यकांनी फोनवर शांतपणे सांगितले, की मार्चपर्यंत विसरा. मादी घ्यायची तर दुरुस्तीचा अर्ज, म्हणजे पुन्हा तेच चक्र. तेव्हा आम्ही मार्चपर्यंत थांबलो. आमच्या कक्षाने पाच महिने खाल्ले नसते तर पावसाळ्यातच काम उरकले असते, हा विचार मनातून जात नाही. तुम्ही मात्र ‘नर अथवा गाभण नसलेली मादी’ असेच लिहा. उंटिणीचा गर्भकाळ सुमारे तेरा महिन्यांचा असतो, त्यामुळे ‘गाभण नसलेली’ हे शब्द विसरू नका.

रक्त घेण्याच्या दिवशी मी तिथे गेले होते. उंट गुडघे मुडपून बसला होता आणि त्याला सांभाळणारे रायका समाजातील एक वयस्क गृहस्थ त्याच्या मानेपाशी उकिडवे बसले होते. पशुवैद्यकांनी मानेच्या तळाशी अंगठ्याने दाब दिला, तशी शीर नाड्यासारखी फुगून वर आली. सुई आत गेली तेव्हा उंटाने पापणी मिटली एवढेच. गडद रक्त नळीत उतरत असताना त्याचे रवंथ करणे चालूच होते आणि खालच्या ओठावरचा हिरवट फेस माझ्या बाहीवर गळत होता. सांभाळणाऱ्या काकांनी मला विचारले, की याचे रक्त घेऊन तुम्ही कोणाला बरे करणार. मी म्हटले, ज्या मुलांची उंची वाढत नाही त्यांच्यासाठी प्रयत्न आहे. त्यांनी उंटाकडे वर पाहिले आणि काही न बोलता त्याची मान खाजवली. उंटाच्या रक्ताचा असा उपयोग त्या भागात अगदीच नवा नाही. बिकानेरात उंटांपासून फुरशाच्या विषावरील प्रतिविषाचे काम झालेले आहे.

एक सूचना आत्ताच आठवली म्हणून लिहिते. उंटाच्या तांबड्या पेशी अंडाकृती असतात आणि क्षारांचे प्रमाण उतरले तरी सहजी फुटत नाहीत. माणसाच्या रक्ताच्या सवयीने तांबड्या पेशी फोडून टाकण्याचे द्रावण घालाल, तर नळीचा तळ लालच राहील. घनतेच्या द्रावणावर रक्त हळूच थर देऊन सेंट्रीफ्यूज यंत्रात फिरवा आणि लिम्फोसाइटचा, म्हणजे ज्यांत प्रतिपिंडांची जनुके हवी असतात त्या पांढऱ्या पेशींचा, पांढुरका पट्टा पिपेटने उचला. हे काम शक्यतो त्याच दिवशी, तिथेच करा. आम्ही पेशी ट्रायझॉल या आरएनए टिकवणाऱ्या द्रावणात विरघळवून कोरड्या बर्फात पुण्याला आणल्या. विमानात प्रवाशाला अडीच किलोपर्यंतच कोरडा बर्फ नेता येतो आणि तोही विमान कंपनीला आधी कळवून, तेव्हा डबा लहान निवडा.

पुढची कामे ठरलेल्या वाटेने झाली. पेशींतून आरएनए, त्यापासून सीडीएनए (त्याची डीएनए प्रत), मग पीसीआरने प्रतिपिंडाच्या जनुकाच्या असंख्य प्रती. डीएनएचे तुकडे लांबीप्रमाणे वेगळे करणाऱ्या जेलवर दोन पट्टे दिसतात, त्यांतला ९०० बेसचा नेहमीच्या प्रतिपिंडाचा आणि ७०० चा आपल्या कामाचा. तो खालचा पट्टा कापताना माझा हात थरथरत होता, कारण त्या चिंधीएवढ्या जेलमागे दहा महिने उभे होते. सुमारे ३ कोटी क्लोनची, म्हणजे नॅनोबॉडीच्या जनुकप्रतींची, लायब्ररी झाली, फाज या जिवाणूंना लागण करणाऱ्या विषाणूंच्या पृष्ठभागावर नॅनोबॉडी मांडून ग्राहीला चिकटणाऱ्यांची तीन फेऱ्यांत निवड केली.

इथे दुसरी चूक कबूल करते. पैसे वाचवण्यासाठी आम्ही प्रतिजन म्हणून एफजीएफआर३ चा बाहेरचा भाग मानवी प्रतिपिंडाच्या शेपटीला, म्हणजे एफसीला, जोडलेला घेतला होता. उंटाचा स्वतःचा एफजीएफआर३ माणसाच्या ग्राहीशी फार मिळताजुळता असल्याने त्याच्या शरीराला तो परका वाटत नाही. परकी वाटली ती शेपटी. साहजिकच पहिल्या निवडीत चिकटलेल्या नॅनोबॉडींपैकी बहुतेक एफसीवरच्या निघाल्या. मग हिस्टिडीनचा छोटा टॅग लावलेला, एफसी नसलेला ग्राही नव्याने विकत घेतला, एफसीला चिकटणाऱ्या नॅनोबॉडी त्यातच अडकाव्यात म्हणून निवडीच्या वेळी द्रावणात आयजीजी हे मानवी प्रतिपिंड भरपूर घातले, आणि नॅनोबॉडींची चार वेगळी कुळे हाती लागली. त्यांतल्या दोन कुळांनी पेशींमध्ये एफजीएफ९ चा संदेश अडवला. त्या दिवशी मी प्रयोगशाळेत एकटीच होते, आणि तो आलेख मी किती वेळा छापला हे सांगायला संकोच वाटतो. आता या नॅनोबॉडीला रक्तातील अल्ब्युमिन या प्रथिनाला चिकटणारी दुसरी नॅनोबॉडी जोडायची आहे, कारण एवढा लहान रेणू मूत्रपिंडे काही तासांतच बाहेर टाकतात.

आमच्या संगणकावरचा तो जुना प्रस्ताव मात्र अजून उघडाच आहे. एकदा दाखल झालेला प्रस्ताव मागे घेता येत नाही, फक्त पूर्णत्वाचा अहवाल देऊन बंद करता येतो, आणि त्या अहवालाला प्राण्याच्या शवाच्या विल्हेवाटीचा दाखला जोडावा लागतो. दर महिन्याच्या पहिल्या तारखेला मला त्याची आठवण करून देणारा संदेश येतो. गेल्या महिन्यात मी यजमान संस्थेच्या पशुवैद्यकांचे, उंट धडधाकट असून कळपात चरत असल्याचे पत्र जोडले. त्यावर ‘दाखला विहित नमुन्यात नाही’ असा शेरा आला आहे.