मावशीच्या मागचं विमान

दाबोळी विमानतळाचा जुना फोटो म्हणून अल्बममधून जो निघतो, त्यात विमानतळ जवळपास नसतोच. हार घातलेली कुणाची तरी मावशी, पायाशी ट्रंक, उन्हाने डोळे बारीक केलेली सहा माणसं. विमानतळ त्यांच्या मागे, उरलेल्या दोन बोटांत. आणि मोबाइलवर घेताना नातवंडं नेमकी तीच दोन बोटं कापतात!

कापू नये. तारीख तिथेच असते. नाक वर, शेपूट जमिनीला टेकलेलं, दोन इंजिनं म्हणजे डाकोटा किंवा व्हायकिंग. शेपटीला तीन उभे पंख असतील तर कॉन्स्टलेशन. अंगावरची अक्षरं 'सीआर-आय'ने सुरू झाली की विमान पोर्तुगीज अमदानीतलं, म्हणजे बहुधा १९५५ मध्ये सुरू झालेल्या 'टीएआयपी' या पोर्तुगीज विमान कंपनीचं. ही कंपनी दमण, दीव, कराचीला जायची. १८ डिसेंबर १९६१ ला, गोवा मुक्तीच्या कारवाईत, भारतीय हवाई दलाच्या कॅनबेरा विमानांनी धावपट्टी फोडली, इमारती मात्र मुद्दाम वाचवल्या. त्या रात्री खड्डे कसेबसे बुजवून दोन प्रवासी विमानं कराचीकडे निसटली. त्यानंतरच्या फोटोंत भारतीय विमानांची 'व्हीटी' अक्षरं. बोइंग ७३७ दिसलं तर फोटो १९७० च्या आधीचा असूच शकत नाही, काका कितीही शपथा घेवोत. तळ नौदलाकडे गेला, फोटोला मनाई आली, म्हणून असे फोटो मुळात थोडेच.

अक्षरं वाचायची तर स्कॅन नीट हवा. क्लिक थ्री कॅमेऱ्यातला सहा सेंटिमीटरचा चौकोनी फोटो ६०० डीपीआयने (इंचाला ६०० ठिपके) केला तर बाजू जेमतेम १४०० पिक्सेलची होते आणि शेपटीवर नुसत्या मुंग्या दिसतात. १२०० ठेवावा. पावसाळ्यात फ्रेमच्या काचेला चिकटलेला फोटो ओढू नये, वरचा थर काचेवरच राहतो. काचेसकट, दिवा बाजूला तिरपा धरून फोटो घ्यावा. चिकट पानांचे अल्बम तर विकतच घेऊ नयेत, डिंक पिवळा पडतो आणि फोटो सुटत नाही.

फोटोच्या पाठीवर बॉलपेनने लिहिलेलं असतं, 'विमानतळावर'. तेही इतकं दाबून, की मावशीच्या कपाळावर वेलांटी उमटलेली. मऊ २बी पेन्सिल, कोपऱ्यात, हलक्या हाताने, एवढं पुरतं. नाव, गाव, साल.

विमानाचं साल निघतं हो. मावशी कुणाची, ते शेपटीवर नसतं.