ऑगस्टमधला खांदा, शिमग्यातली टाच

१ जून ते ३१ जुलै मासेमारीबंदी. ६१ दिवस होड्या किनाऱ्यावर शाकारलेल्या, आणि काम काय तर बसून जाळी सांधायची. मग ऑगस्ट उजाडतो आणि ओल्या जाळ्याचं वजन पहिल्याच दिवशी पूर्णच्या पूर्ण खांद्यावर येतं. गणपतीपर्यंत खांदा रात्री झोपू देत नाही. आंब्याचंही तेच. दहा महिने झेल्याला, म्हणजे आंबे उतरवायच्या जाळीच्या काठीला, हात नाही, आणि एप्रिल-मेमध्ये दिवसभर हात डोक्याच्या वर. शिमग्याला चाकरमानी येतो, रात्रभर अनवाणी पालखी नाचवतो आणि पंधरवड्याने मुंबईत रेल्वेचा पूल चढताना त्याची टाच बोलायला लागते.

आपण म्हणतो ‘शीर आखडली’, ‘नस चढली’. दुखते ती बहुतेक वेळा शीर नसते, नसही नसते. ती कंडरा असते, म्हणजे स्नायूला हाडाशी बांधणारी दोरी. या दोरीचे धागे कोलॅजन नावाच्या प्रथिनाचे. जड कामानंतर पहिले २४ ते ३६ तास कोलॅजन जितकं बनतं त्याहून जास्त मोडतं, आणि नंतर बांधणी पुढे सरकते. रोज तेच जड काम सलग केलं की बांधणीला वेळच मिळत नाही. स्नायू काही आठवड्यांत तयार होतो, कंडरेला महिने लागतात. म्हणून ‘ताकद तर आहे, मग दुखतं का?’ हा प्रश्न पडतो.

जुन्या दुखण्यात सूज फारशी नसते. धागे विस्कटलेले असतात, कंडरा जाड होते. सुजेच्या गोळ्या महिनोन्‌महिने खाऊनही फरक का पडत नाही, ते इथे कळतं. तेलाने रगडून घेतल्यावर बरं वाटतं हे खरं, पण त्याने धागे सरळ होत नाहीत.

कामाशिवायही कारणं असतात. वय, वजन, वाढलेलं कोलेस्टेरॉल. मधुमेहात साखर कोलॅजनला चिकटून ते कडक करते. बोट अडकण्याचा त्रास मधुमेहींना जास्त होतो, तो उगाच नाही. आणि एक कारण पावसाळ्यात हमखास विसरलं जातं. जुलाब लागले की दुकानातून आणलेली सिप्रोफ्लॉक्सासिन किंवा ऑफ्लॉक्सासिन. या गटातली अँटिबायोटिक औषधं कंडरेला इजा करू शकतात, कधी तुटेपर्यंत. अमेरिकेच्या औषध नियामकाने २००८ साली त्यांच्यावर ठळक इशारा छापायला लावला. साठीपुढचे, स्टेरॉइड घेणारे आणि मूत्रपिंड बदललेले यांना धोका जास्त. अशी गोळी चालू असताना टाच किंवा खांदा नव्याने दुखू लागला तर जोराचं काम थांबवा आणि त्याच दिवशी डॉक्टरांना सांगा.

उपचार म्हणजे मोजून-मापून दिलेला भार. पूर्ण आराम केला तर कंडरा आणखी कमजोर होते आणि कामावर परतल्यावर पुन्हा दुखते. टाचेमागच्या कंडरेसाठी स्वीडनचे डॉक्टर हाकान आल्फ्रेडसन यांनी १९९८ मध्ये मांडलेली पद्धत अजून चालते. ओटीच्या पायरीच्या कडेवर चवड्यांवर उभं राहा, आधाराला खांब धरा. दोन्ही पायांनी टाचा वर. सगळा भार दुखऱ्या पायावर घ्या आणि सावकाश टाच पायरीखाली सोडा. वर येताना चांगल्या पायाची मदत. गुडघा सरळ ठेवून १५ वेळा असं तीनदा, गुडघा वाकवून तेवढंच, दिवसातून दोन वेळा. म्हणजे रोज १८०, आठवड्यातले सातही दिवस, १२ आठवडे. दुखेनासं झालं की पाठीवरच्या पिशवीत ५ किलो तांदूळ. रोज जमत नसेल तर दिवसाआड जास्त वजनाने, वर जायला ३ सेकंद आणि खाली यायला ३ सेकंद, अशी संथ पद्धतही तितकीच चांगली ठरते.

एक चूक हमखास होते. दुखणं टाचेच्या हाडाला अगदी चिकटून असेल तर टाच पायरीखाली सोडू नका. तिथे कंडरा हाडावर दाबली जाते आणि दुखणं वाढतं. अशा वेळी सपाट जमिनीवरच करा. पोटरी ताणण्याचे व्यायामही तेव्हा बंद.

व्यायामात दुखलं तर? दुखण्याला दहापैकी गुण दिले तर पाचपर्यंत चालतं, पण दुसऱ्या सकाळी पहिली पावलं टाकताना आदल्या दिवसापेक्षा जास्त आखडलेलं नको. आखडलं तर भार कमी करा, बंद करू नका. बहुतेक जण तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात ‘काही फरक नाही’ म्हणून सोडतात. खरा फरक त्यानंतर दिसतो.

काजू फोडणाऱ्या, कोयता चालवणाऱ्या हातांना कोपराच्या बाहेरच्या बाजूला दुखतं, तो टेनिस एल्बो. हात टेबलावर टेकवून मनगट कडेबाहेर, तळवा खाली, मुठीत अर्ध्या लिटरची भरलेली बाटली. दुसऱ्या हाताने मनगट वर उचला आणि चार सेकंदांत खाली सोडा, १५ वेळा, तीनदा. कळशी किंवा पिशवी उचलताना तळवा वर ठेवा.

इंजेक्शनचं सांगायलाच हवं. कोपरावर स्टेरॉइडने काही आठवडे फार बरं वाटतं, पण २०१० मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या आढाव्यानुसार पुढे काही महिन्यांनी इंजेक्शनवाल्यांची अवस्था इतरांपेक्षा वाईट असते. दुखणं दबलं म्हणून माणूस जास्त ओझं उचलतो, तेही आहेच. मात्र अडकणारं बोट आणि अंगठ्याच्या मुळाशी मनगट दुखणं यांत अडचण कंडरेच्या आवरणात असते, तिथे हेच इंजेक्शन चांगलं काम करतं.

मागून कुणी दगड मारल्यासारखं वाटून पोटरीत ‘टक्‌’ आवाज आला तर पालथं झोपवून पोटरी दाबा. पाऊल हललं नाही तर कंडरा तुटली असं धरा. पाऊल खाली झुकलेलं ठेवून बांधा आणि त्याच दिवशी दवाखाना गाठा.

होडी पाण्यात जायच्या चार-सहा आठवडे आधी, म्हणजे जूनच्या मध्यापासून, दिवसाआड तयारी सुरू करा. कमरेत वाकून ५ लिटरचा भरलेला कॅन पोटाकडे ओढणं, आणि कोपर अंगाला चिकटवून सायकलच्या ट्यूबने हात बाहेर फिरवणं. दोन्ही १५ वेळा, तीनदा. पालखी नाचवायची असेल तर संक्रांतीपासून एका पायावर टाच उचलायला लागा. प्रत्येक पायावर सलग पंचवीस जमेपर्यंत.