जादूबंदीच्या राज्यातली संमेलनं

आमच्या मंडळाच्या वार्षिक संमेलनात गाणी व्हायची, नकला व्हायच्या आणि अध्यक्षांचं भाषण दरवर्षी ठरल्यापेक्षा लांबायचं. लोक मात्र थांबायचे ते शेवटच्या कार्यक्रमासाठी. त्याला आम्ही नुसतं 'बंदी' म्हणायचो. 'यंदा बंदीत काय?' ही विचारपूस संमेलनाच्या कितीतरी आधीपासून सुरू व्हायची आणि राजा झालेले काका गालातल्या गालात हसत विषय बदलायचे.

गोष्ट दरवर्षी तीच. एक राज्य आहे, त्याला नाव नाही. तिथल्या राजाने जादूवर बंदी घातली आहे. राज्यात चेटकिणी आहेत. त्या जंगलात वगैरे पळून गेलेल्या नाहीत, गावातच चारचौघींसारख्या नांदताहेत. बस, एवढंच. लिहिलेले संवाद नसायचे. दवंडीवाल्याने त्या वर्षीचं फर्मान वाचायचं आणि त्यात जे कलम निघेल ते बाकीच्यांनी तिथल्या तिथे निभावून न्यायचं. फर्मान काकांखेरीज कुणी आधी वाचलेलं नसे.

सुरुवातीला आम्ही जादू दाखवायचा हौसेने प्रयत्न केला होता. निळा दिवा, धूर, दोरीने वर जाणारा झाडू. धुराने पहिल्या रांगेला ठसका लागला आणि झाडू अर्ध्यावर अडकून तिथेच लोंबत राहिला. प्रेक्षक खूश होते, पण ते आम्हाला हसत होते. नाटक बसवणाऱ्या ताईंनी पुढच्या वर्षी साधा प्रश्न विचारला : राज्यात बंदी आहे ना, मग चेटकीण भर चौकात सगळ्यांदेखत मंत्र कशाला म्हणेल? तेव्हापासून नियम झाला, रंगमंचावर जादू दिसता कामा नये. एकदाही नाही.

त्या नियमाने सगळं पालटलं. मला आठवतो तो दोन बायकांचा चादर घडी करण्याचा प्रवेश. गप्पा चालल्यात, इकडच्या तिकडच्या. एक सहज म्हणते, "उद्या कपडे बाहेर नको गं घालूस वाळत." दुसरीचा हात चादरीवर तसाच थांबतो. दारात शिपाई उभा. तो विचारतो, "बाई, उद्या पाऊस आहे हे तुम्हाला कुणी सांगितलं?" त्या वर्षीच्या फर्मानात हवामानाचं भाकीत करायला मनाई होती. सभागृहात चिडीचूप. मग ती बाई कमरेवर हात ठेवून म्हणाली, "माझे गुडघे सांगतात. त्यांना पकडा." आणि शिपाई झालेल्या मुलाने खरोखर वही काढून लिहून घेतलं : आरोपी, गुडघे दोन. हे काही ठरवलेलं नव्हतं. त्या टाळ्या अजून कानात आहेत.

काका आयुष्यभर कोर्टात कारकून होते, त्यामुळे फर्मानाची भाषा त्यांच्या हाडीमाशी खिळलेली. 'सबब', 'तद्नुषंगाने', 'येणेप्रमाणे' असे शब्द ते साखर पेरल्यासारखे पेरायचे. दरवर्षी एक नवं कलम. लांब दांड्याचे झाडू सरकारजमा. मांजराच्या रंगाची नोंद चावडीवर करावी. काम करताना पुटपुटणाऱ्याने आपण काय पुटपुटतो ते मोठ्याने सांगावं. या शेवटच्या कलमाने तर धमाल उडवली. एका बिचाऱ्या बाईला, ती सासूबद्दल काय पुटपुटत होती ते भर दरबारात, सासूसमोर सांगावं लागलं. त्यापेक्षा मी चेटकीण आहे असं लिहून घ्या, म्हणाली.

काकांचा राजा दुष्ट नव्हता, घाबरट होता. ते त्यांनी मुद्दाम केलं होतं. स्कॉटलंडचा सहावा जेम्स हा त्यांचा नमुना. १५८९ मध्ये त्याची नवी राणी डेन्मार्कहून यायला निघाली, तर वादळांनी तिचं जहाज नॉर्वेकडे ढकललं. तो स्वतः तिला आणायला गेला, परतीच्या वाटेवरही समुद्राने छळलं. मग ही वादळं चेटकिणींनीच उठवली असं ठरलं आणि नॉर्थ बेरिकचे खटले उभे राहिले. राजा स्वतः चौकशीला बसला. लोकांवर औषधोपचार करणारी अ‍ॅग्नेस सॅम्पसन १५९१ मध्ये त्यात मारली गेली. पुढे १५९७ मध्ये या महाशयांनी चेटूकविद्येवर ग्रंथही लिहिला. काका म्हणायचे, "क्रूर राजा कुणीही करेल, आरडाओरडा केला की झालं. खरोखर घाबरलेला राजा करून दाखवा." ते सिंहासनावर बसताना आधी खाली वाकून बघायचे. दरवर्षी, न चुकता. लहान मुलं त्याचीच वाट बघायची.

चिता मात्र आम्ही पहिल्या काही वर्षांतच काढून टाकली. पुठ्ठ्याची होती, रंगवायला कष्ट पडले होते, म्हणून थोडी कुरकुर झाली. पण ग्रंथालय सांभाळणाऱ्या ताईंनी सांगितलं की अमेरिकेतल्या सेलममध्ये १६९२ साली चेटुकाचे खटले झाले, त्यांत कुणालाही जाळलं नव्हतं. तिथे १९ जणांना फाशी दिलं आणि जाइल्स कोरी नावाच्या म्हाताऱ्याला, तो आरोपाचं उत्तर देईना म्हणून, दगडांखाली चिरडलं. हे ऐकल्यावर पुठ्ठ्याची चिता उगाचच सणाची सजावट वाटायला लागली. शिक्षा पडद्याआडच राहू दे, असं ठरलं.

पुरुषमंडळींची वेगळीच तक्रार होती. बायकांना सगळ्या गमतीच्या भूमिका आणि आम्ही कायम भाले धरून उभे. ग्रंथालयाच्या ताईंनीच तोडगा काढला. सतराव्या शतकात आइसलंडमध्ये चेटुकाच्या आरोपाखाली जे मारले गेले त्यांत बहुतेक पुरुषच होते. झालं, पुढच्या संमेलनात अर्ध्या राज्याने दाढ्या लावल्या. त्यांना लपवाछपवी अजिबात जमत नसे, ते लगेच सापडायचे.

तक्रारपेटीही तिथूनच आली, म्हणजे ताईंच्या पुस्तकांतून. व्हेनिसमध्ये डोजेच्या, म्हणजे तिथल्या राज्यप्रमुखाच्या, राजवाड्यात सिंहाच्या तोंडाच्या आकाराच्या फटी होत्या, लोक त्यांत गुप्त तक्रारींच्या चिठ्ठ्या टाकत. आम्ही खोक्याला सिंहाचं तोंड रंगवलं (तो अस्वल दिसायचा) आणि मध्यंतरात प्रेक्षकांनी संशयितांची नावं टाकायची असं ठेवलं. चिठ्ठ्या दरबारात वाचल्या जात. मुलं शिक्षकांची नावं टाकायची, नवरे बायकांची, एकाने स्वतःचंच टाकलं. पण हळूहळू सगळ्यात जास्त चिठ्ठ्या राजावर यायला लागल्या. महाराज सिंहासनाखाली काय बघतात, त्याची चौकशी व्हावी. काकांनी त्या सगळ्या गंभीरपणे वाचून स्वतःलाच समन्स काढलं.

माझ्या मते सगळ्यात चांगलं वर्ष ते, ज्या वर्षी राजाने बंदीच फिरवली. ब्रिटनमध्ये १७३५ साली असा कायदा झाला होता. त्याने चेटूक हा गुन्हा उरला नाही, चेटूक येतं असं भासवणं हा गुन्हा झाला. म्हणजे तू चेटकीण नाहीसच, तू लबाड आहेस. हा कायदा १९५१ पर्यंत टिकला आणि १९४४ मध्ये, ऐन महायुद्धात, मृतात्म्यांना बोलावते म्हणणाऱ्या हेलन डंकनला त्याखाली कैद झाली. काकांनी हेच फर्मानात घातलं. आम्हाला वाटलं, चेटकिणींना हायसं वाटेल. पण गुडघ्यांवाली बाई भडकली. दरबारात येऊन म्हणाली, "इतकी वर्षं तुमच्यापासून लपले महाराज, ते काय खोटं होतं? मला पकडायचं तर खरी म्हणून पकडा." राजा म्हणाला, तसा कायदा आता नाही. ती म्हणाली, मग जादू करून दाखवते. आणि सगळं सभागृह पुढे सरकून बसलं, कारण इतक्या वर्षांत रंगमंचावर जादू झालेली नव्हती. तिने हात वर केला. राजाकडे पाहिलं. राजाने पुन्हा वाकून सिंहासनाखाली बघितलं. तिने हात खाली घेतला, म्हणाली, "राहू द्या. तुम्हाला माहीतच आहे." आणि निघून गेली. विंगेत मी तिला विचारलं, करणार काय होतीस गं? ती म्हणाली, काहीच सुचलं नव्हतं.

नंतर एका वर्षी काका आजारी होते, तेव्हा कॉलेजातली एक मुलगी राणी झाली. तिने हंगेरीच्या काल्मान राजाचं वाक्य शोधून आणलं होतं. हा १०९५ ते १११६ पर्यंत गादीवर होता आणि त्याच्या कायद्यात आहे की चेटकिणी नसतातच, तेव्हा त्यांची चौकशी करू नये. राणीने फर्मान काढलं : बंदी रद्द. टाळ्या पडल्या. मग चेटकिणी एकमेकींकडे बघत बसल्या. लपवायचं काही उरलं नाही, शिपायाला कामच नाही, तक्रारपेटी रिकामी. दहा मिनिटांत नाटक आटोपलं आणि अध्यक्षांना पुन्हा बोलायची संधी मिळाली.

प्रेक्षकांनी ही गोष्ट वर्षभर कुणाला विसरू दिली नाही. बंदी परत आणा, अशी लेखी मागणी मंडळाकडे आली. काका बरे होऊन आले आणि आधी त्या मुलीला ऐकवलं की काल्मानच्या त्याच कायद्यात करणी करणाऱ्यांना शिक्षा होती, अर्धंच वाचू नये. मग त्यांनी सिंहासनाखाली वाकून बघितलं आणि नवं कलम वाचलं : सबब, यापुढे जो कोणी बंदी उठवण्याची मागणी करील, त्यानेच पुढील वर्षी राजा व्हावे आणि अध्यक्षीय भाषणही त्यानेच करावे. अशी मागणी पुन्हा कुणी केलेली नाही.