वजन न करता घेतलेला चार्ज

वुहानला हुबेई प्रांताच्या वस्तुसंग्रहालयात लोक दोन गोष्टी बघायला येतात. एक म्हणजे झंग राज्याच्या यी नावाच्या सरदाराच्या थडग्यात सापडलेल्या 65 कांस्याच्या घंटा, आणि दुसरी राजा गौच्येनची तलवार. आमच्या गटानेही तेच केलं. घंटांसमोर फोटो झाले, तलवारीसमोर रांगेत उभं राहणं झालं. मग सगळे बाकांवर बसले आणि जेवण कुठे आहे याची चौकशी सुरू झाली.

मी चिनी भाषेची दुभाषी आहे. दोन वर्षांपूर्वी विदर्भातल्या धान उत्पादकांच्या एका गटाबरोबर मी तिकडे गेले होते. भातगिरण्या, वाळवणी यंत्रं आणि साठवणुकीची गोदामं दाखवणारा आठ दिवसांचा अभ्यासदौरा होता, आणि हा मधला सुटीचा दिवस. गटात भंडाऱ्याकडचे एक काका होते, निवृत्त गोदामपाल. पुरवठा खात्यात सबंध नोकरी सरकारी गोदामांवर काढली होती आणि आता गावातल्या शेतकरी कंपनीचं कोठार सांभाळत होते. बोलायला कमी. गिरणीत गेलो की बाकीचे यंत्रं बघायचे, हे भिंतीचा कोपरा आणि जमिनीची ओल बघायचे.

मला स्वतःला तिथे एकच दालन बघायचं होतं. विद्यार्थिनी असताना जुन्या चिनीच्या वर्गात ज्यांच्या ओळी घोकल्या, त्या बांबूच्या पट्ट्यांचं. काका माझ्यामागून आले. दालनात आम्ही दोघंच होतो.

ही गोष्ट युनमंग नावाच्या तालुक्याची. तिथे श्वेइहूदी, म्हणजे ‘झोपलेल्या वाघाची जागा’, नावाचं शिवार आहे. 1975 मध्ये शेताला पाण्याचा चर खणताना तिथे जुनी थडगी लागली. अकरा क्रमांकाच्या थडग्यात पाणी भरलेलं होतं, आणि त्या पाण्यानेच आतलं सगळं टिकवलं. शवपेटीत एका पुरुषाचा सांगाडा होता, आणि डोक्याशी, उजव्या कुशीला, पोटावर, पायाशी बांबूच्या पट्ट्यांच्या जुड्या. पट्ट्या 1,155. एकेक साधारण वीतभर लांब, बोटापेक्षा अरुंद, त्यावर शाईने लिहिलेलं. माणूस कायद्याची कागदपत्रं पांघरून झोपला होता.

त्याचं नाव शी. या अक्षराचा अर्थ आनंद. तो छिन राज्याचा स्थानिक कारकून होता. हे तेच छिन, ज्यांच्या राजाने इ.स.पू. 221 मध्ये बाकीची राज्यं जिंकून पहिला सम्राट म्हणवून घेतलं, ज्याच्या थडग्याजवळ मातीच्या सैनिकांची फौज आहे. आपण छिन म्हटलं की भिंत, जाळलेले ग्रंथ आणि ती फौज आठवतो. मला विचाराल तर छिन राजवट कळायची असेल तर या कारकुनाकडे जावं.

फोटोत सांगाडा आणि पट्ट्या कशा पडल्या होत्या ते दाखवलं होतं. काका बराच वेळ फोटो बघत राहिले आणि म्हणाले, “याचं टेबल कशाचं होतं? महसूल की पुरवठा?”

मी म्हटलं, दोन्ही, आणि फौजदारीही. आनलू आणि यान या दोन ठिकाणी तो कारकून होता, पुढे खटल्यांची चौकशी करायचा. पण त्याने लिहून घेतलेल्या कायद्यांत धान्याच्या कोठारांचा मोठा भाग आहे. मग मला वर्गातली एक ओळ आठवली, अजून पाठ आहे. कोठारात उंदरांची बिळं किती सापडली तर शिक्षा? तीन किंवा जास्त असतील तर एक ढाल दंड. दोन किंवा कमी असतील तर नुसती ताकीद. आणि छोट्या उंदराची तीन बिळं म्हणजे मोठ्याचं एक.

काका हसले नाहीत. वर्गात आम्ही सगळे हसलो होतो.

“बरोबर आहे,” ते म्हणाले. “घुशीचं बीळ वेगळं, उंदराचं वेगळं. घूस थप्पीच्या बुडातून शिरते, खालची पोती बसतात. हे लिहिणारा माणूस कोठारात उभा राहिलेला आहे.” मग विचारलं, “ढालीची किंमत काय होती?”

हे मला कुणी विचारलं नव्हतं. नशिबाने ठाऊक होतं. दुसरीकडे सापडलेल्या छिन काळातल्या पट्ट्यांवरून ढालीचे 384 आणि चिलखताचे 1,344 पैसे धरतात. भरायला पैसे नसतील तर सरकारी कामावर राबून फेडायचं, दिवसाचे 8 पैसे, सरकारी जेवण घेतलं तर 6.

“म्हणजे अठ्ठेचाळीस दिवस,” काका लगेच म्हणाले. “जेवून चौसष्ट. तीन बिळांसाठी.”

मग मी जे आठवेल ते सांगत गेले. धान्य रचायचं ते दहा हजार ‘शी’ मापाची एक थप्पी याप्रमाणे (कारकुनाच्या नावाशी याचा संबंध नाही, हे माप म्हणजे साधारण वीस लिटर), राजधानी श्यानयांगला मात्र एक लाखाची. कोठाराच्या दारावर तालुक्याचा अधिकारी, कोठाराचा माणूस आणि गावचा माणूस या सगळ्यांनी मिळून मोहर लावायची, एकट्याच्या मोहरेवर दार बंद समजायचं नाही. पाऊस पडला की किती जमिनीला लाभला ते लेखी कळवायचं, जवळच्या तालुक्याने पायी हरकाऱ्याबरोबर, लांबच्याने टपालाच्या टप्प्यांनी. पैसेवारीच, काका म्हणाले.

त्या थडग्यात शीची एक टिपणवहीही होती, 53 पट्ट्यांची. इ.स.पू. 306 पासून वर्षागणिक एक नोंद, बहुतेक लढायांच्या: अमुक साली अमुक शहरावर हल्ला. आणि त्याच ओळींच्या मधे त्याचं घर. ज्या वर्षी सैन्याने एक शहर मारलं, त्याच वर्षाच्या ओळीत ‘बाराव्या महिन्यात, कोंबडा आरवायच्या वेळी, शी जन्मला.’ पुढे बाप वारल्याची तारीख, आई वारल्याची तारीख, आपण सैन्यात गेल्याची नोंद. सम्राट राजा म्हणून गादीवर आल्यापासूनचं सव्विसावं वर्ष, इ.स.पू. 221, सगळा चीन एक झाला ते वर्ष. त्या वर्षापुढे काहीही लिहिलेलं नाही. सत्ताविसाव्यात अपत्य झाल्याची नोंद आहे. अठ्ठाविसाव्यात तीन-चार शब्द, सम्राट आनलूवरून गेले म्हणून. इ.स.पू. 217 मध्ये वही संपते. तो पंचेचाळीस वर्षांचा होता.

त्या मोकळ्या वर्षासमोर मी नेहमी थांबते. काकांचं लक्ष मात्र कोठाराकडेच होतं.

“चार्जचं काय लिहिलंय? एक गोदामपाल जातो, दुसरा येतो. तेव्हाचं.”

मला आठवेना. रात्री बघून सांगते म्हटलं.

हॉटेलच्या खोलीत मूळ मजकूर फोनवर शोधायला अर्धा तास गेला. सापडल्यावर आणखी वेळ लागला, कारण सगळं एका अक्षरावर अडलं होतं. आजच्या चिनीत त्याचा अर्थ ‘परिणाम’. विद्यार्थिनी असताना मी वहीत ‘तपासणी’ लिहून पुढे गेले होते, त्यावर मार्कही मिळाले होते. मी खाली जेवणघरात गेले तेव्हा काका चहा घेऊन बसले होते. मी वाक्य अडखळत वाचलं: कोठाराचे मदतनीस, कारकून काढले किंवा बदलले गेले, तर प्रमुखाने जाणाऱ्यासोबत उभं राहून येणाऱ्याला… आणि थांबले.

“मोजून चार्ज द्यावा,” काका म्हणाले.

तोच शब्द होता. बाकीचा कायदा त्या शब्दाने सरळ उलगडला. मी पुढे वाचलं. जुन्याने मोजून दिलं नाही, आणि नव्याला त्या जागेवर पूर्ण वर्ष झालेलं नाही, आणि माल कमी निघाला, तर जबाबदार जाणारा आणि जागेवर असलेले जुने कर्मचारी. नवा जबाबदार नाही.

काकांनी कप खाली ठेवला. “पुन्हा वाचा, बेटा.”

मी पुन्हा वाचलं.

मग त्यांनी सांगितलं. नोकरीतली जुनी गोष्ट. पावसाळ्यात बदलीवर एका गोदामावर गेले. आधीचा माणूस दोन दिवस आधीच कार्यमुक्त होऊन निघून गेला होता. वजन करून घेतो म्हणाले, तर वरून निरोप आला, उद्या धान्य दुकानांना गेलंच पाहिजे, सही करा, मोजदाद नंतर. सही केली. सात महिन्यांनी तपासणी आली, मधली थप्पी पाडली, तर आत पोकळ. बाहेरून चारी बाजूंनी पोती रचलेली, मधे काही नाही. रचणारे हमाल तेच होते, कुलूप तेच होतं, एकटे हेच नवे होते. विभागीय चौकशी झाली. चौकशीत एकच प्रश्न, सही तुमची आहे ना? वसुली लागली, पगारातून कापत राहिले. त्या वर्षांत मुलीचं लग्न पुढे ढकलावं लागलं, हे त्यांनी अगदी हळू सांगितलं.

“जुलै ते फेब्रुवारी,” ते बोटांवर मोजत म्हणाले. “सात. वर्ष झालं नव्हतं.”

मला काही सुचेना. शीच्याच पट्ट्यांमध्ये चौकशी कशी करावी यावर एक उतारा आहे: जबानी लिहून घेऊन, तिचा माग काढत, मारहाण न करता खरं काढलं तर ते उत्तम, मारून काढलं तर हलकं, माणूस घाबरला तर ती चौकशी फसली. तोही मी सांगितला. त्यांनी मान हलवली, पण त्यांचं मन त्या एका वर्षात अडकलं होतं.

“पुढे काय आहे? वर्ष झालं असेल तर?”

मी वाचलं. पूर्ण वर्ष झालं असेल, तर मोजून घेतलं नसलं तरी नवा आणि जागेवरचे कर्मचारी जबाबदार. गेलेला सुटला.

हे ऐकून ते चिडतील असं मला वाटलं होतं. ते म्हणाले, “हेही बरोबर आहे. वर्षभरात एकदा तरी प्रत्येक थप्पी हलते. नवा हंगाम येतो, जुना माल निघतो, गोदामाची जमीन दिसते. जमीन बघूनही तूट कळली नाही तर दोष तुझाच. त्याच्याआधी मात्र आत काय आहे हे तुला कसं दिसणार?”

मी हा उतारा वर्गात शिकले होते, परीक्षेत लिहिला होता. ‘पूर्ण वर्ष’ का, हा प्रश्न मला कधी पडला नव्हता. मला ती एक मुदत वाटली होती, कुठल्याही कायद्यात असते तशी. बावीसशे वर्षांपूर्वीचा एक कारकून तो आकडा का उतरवून घेतो ते मला भंडाऱ्याच्या गोदामपालाने सांगितलं. याच राज्याने लाखो माणसं भिंतींवर आणि थडग्यांवर राबवली, बिळांसाठी माणसाला अठ्ठेचाळीस दिवस जुंपलं, सम्राटाच्या मृत्यूनंतर चार वर्षांत ते कोसळलं. हे सगळं मला ठाऊक आहे आणि ते मी विसरत नाही. तरी त्या रात्री त्या एका वाक्याबद्दल मला फार आदर वाटला.

काकांनी हॉटेलचा कागद मागितला. “मराठीत लिहून द्या. पूर्ण, दोन्ही भाग. फक्त माझ्या सोयीचा नको.”

मी लिहिलं. ‘मोजून चार्ज’ हा त्यांचाच शब्द ठेवला. त्यांनी चष्मा लावून सावकाश वाचलं, ‘पूर्ण वर्ष’ खाली स्वतःच्या पेनाने रेघ मारली आणि कागद परत माझ्याकडे सरकवला.

“खाली लिहा, भाषांतर बरोबर आहे. सही करा. तारीख टाका.”

मी सही केली, तारीख टाकली. त्यांनी कागदाची घडी घातली आणि पासपोर्टच्या पाकिटात ठेवली.