‘का’ खोडला, मग कागद मिळाले

माझ्या पहिल्या माहिती अर्जात एकच वाक्य होतं: ‘आमच्या कॉलनीचा रस्ता दोन पावसाळ्यांत का उखडला?’ उत्तर आलं, ‘माहिती प्रश्नार्थक स्वरूपाची असल्याने देता येत नाही.’ राग आला, पण उत्तर माहिती अधिकार कायद्याला धरून होतं. कलम २(च) प्रमाणे माहिती म्हणजे कार्यालयाच्या दप्तरी असलेलं साहित्य: आदेश, टिप्पणी, अहवाल, करार, नमुने. ‘का’चं उत्तर दप्तरात लिहिलेलं नसेल, तर ते नव्याने तयार करून देण्याचं बंधन अधिकाऱ्यावर नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये हे स्पष्ट केलं आहे.

दुसऱ्या अर्जात म्हणून फक्त कागदांची नावं लिहिली: अंदाजपत्रक, कार्यारंभ आदेश, करारातल्या दोषदायित्वाच्या अटी (काम बिघडलं तर ठेकेदाराने किती काळ स्वखर्चाने दुरुस्त करायचं ते), मोजमाप पुस्तिका (झालेल्या कामाची मापं नोंदवायची वही, कार्यालयात तिला सगळे एमबीच म्हणतात) आणि अंतिम देयक. महाराष्ट्राच्या नियमांत एका अर्जाला एकच विषय आणि १५० शब्दांची मर्यादा आहे. त्यामुळे रस्ता आणि पथदिवे एकाच अर्जात घातलेत, तर पहिल्याच विषयाचं उत्तर देऊन दुसऱ्यासाठी वेगळा अर्ज करायला सांगू शकतात. माहिती कशासाठी हवी, हे लिहू नका. कलम ६(२) प्रमाणे कारण विचारताच येत नाही.

अर्ज जोडपत्र ‘अ’च्या नमुन्यात, त्यावर दहा रुपयांचा कोर्ट फी स्टँप. नाशिकमध्ये सीबीएस म्हणजे मध्यवर्ती बसस्थानकाजवळच्या जिल्हा न्यायालयाच्या आवारात तो मिळतो. अपिलाचे वीस रुपयांचे स्टँपही तेव्हाच घेऊन ठेवावेत. अर्ज आवक-जावक विभागात द्यायचा आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख, आवक क्रमांक घ्यायचा. ही पोच नसेल तर पुढच्या सगळ्या मुदती हवेत राहतात. अर्ज चुकीच्या कार्यालयात गेला, तर त्यांनीच तो पाच दिवसांत योग्य ठिकाणी वर्ग करायचा असतो, कलम ६(३). तो परत घेऊन येऊ नका.

उत्तराची मुदत ३० दिवस. मला एकतिसाव्या दिवशीही काही आलं नाही. कलम ७(२) प्रमाणे गप्प राहणं हाच नकार धरला जातो, म्हणून लगेच जोडपत्र ‘ब’मध्ये पहिलं अपील केलं. त्यालाही मुदत ३० दिवसांचीच. दोन दिवसांनी ३८ पानांचे, पानाला दोन रुपये दराने, ७६ रुपये भरा असं पत्र आलं. मुदत उलटल्यावर माहिती विनाशुल्क द्यावी लागते, कलम ७(६). अपिलाच्या सुनावणीत हे कलम आणि पोच पुढे केली. वाद झालाच नाही.

हे पहिलं अपील त्याच कार्यालयातल्या वरिष्ठाकडे चालतं, ही या रचनेतली कच्ची बाजू. आपल्याच माणसाची चूक लेखी नोंदवायला हात आखडतो. खरी स्वतंत्र तपासणी दुसऱ्या अपिलात, राज्य माहिती आयोगापुढे. नाशिकला आयोगाचं खंडपीठ आहे, मुदत ९० दिवस. दिवसाला २५० रुपये, कमाल २५,००० रुपये दंड आयोगच लावू शकतो. पहिल्या अपिलात तो मागून उपयोग नाही. अनेकजण अपिलाऐवजी कलम १८ खाली तक्रार करतात आणि तिथेच फसतात: तक्रारीवर दंड होऊ शकतो, पण कागद द्या असा आदेश निघत नाही. कागद हवा असेल तर कलम १९ खालचं अपीलच.

मला आयोगापर्यंत जावं लागलं नाही. मोजमाप पुस्तिकेत डांबरी थराची जाडी ५० मिलिमीटर नोंदवलेली निघाली, आणि उखडलेल्या कडेला मोजपट्टी लावली तर जेमतेम ३० भरते. करारातला दोषदायित्व कालावधी तीन वर्षांचा, त्यातले चौदा महिने अजून शिल्लक. म्हणजे दुरुस्ती ठेकेदाराच्या खर्चाने. दोन्ही पानांच्या प्रती जोडून कार्यकारी अभियंत्यांना पत्र दिलंय, पोच घेऊन.