आर्चवर कामाचं मशीन? तुम्ही विचारलंत म्हणून

मी पुस्तकांची पानं लावते. बहुतेक मराठी कोश आणि संदर्भग्रंथ, म्हणजे तळटीपांनी भरलेली पानं आणि शेवटी लांबलचक शब्दसूची. गेली बारा वर्षं हे काम आर्च लिनक्सवर, म्हणजे लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमच्या एका प्रकारावर, चाललंय. लिनक्स वापरणारं कुणी भेटलं की विचारतं, सतत बदलणारी सिस्टिम पोटापाण्याच्या मशीनवर कशी ठेवता? एखाद्या सकाळी ती सुरूच झाली नाही तर? परवा एका मुलीने हाच प्रश्न आणखी पुढे नेला. "ताई, ती पॅकेजेस बनवणारी माणसं तुम्हाला माहीत तरी आहेत का?" तिला तेव्हा घाईत उत्तर दिलं. आता नीट देते.

आर्च 2002 साली जड व्हिनेट या कॅनडातल्या प्रोग्रॅमरने सुरू केलं. त्याला इतरांसारख्या आवृत्त्या नाहीत. दर महिन्याला एक आयएसओ (सिस्टिम बसवायची फाइल) निघते, पण ती नव्याने बसवणाऱ्यांसाठी. एकदा बसवलं की पुढे फक्त अपडेट. म्हणजे तुमच्या मशीनवर काय आहे हे ठरतं ते रिपॉझिटरीवरून (थोडक्यात रेपो), आणि म्हणून माझं उत्तर रेपोबद्दल आहे.

रेपो दिसायला साधी गोष्ट आहे. सर्व्हरवरचं एक फोल्डर, त्यात बांधून तयार पॅकेजेस, म्हणजे बसवायला सज्ज प्रोग्रॅम, आणि सोबत एक यादी: कुठलं पॅकेज, कुठली आवृत्ती, ते कशाकशावर अवलंबून. मशीन उभं राहायला जे लागतं ते 'कोअर'मध्ये, बाकी जवळजवळ सगळं 'एक्स्ट्रा'त, 32 बिटवाल्या प्रोग्रॅमसाठी 'मल्टिलिब'. पूर्वी 'कम्युनिटी' वेगळी होती, 2023 च्या मे महिन्यात ती एक्स्ट्रात मिसळली. हे सगळं मला पहिल्या आठवड्यात माहीत झालं होतं. ही यादी म्हणजे नुसती दुकानातल्या मालाची यादी नव्हे, हे कळायला मात्र 2017 उजाडावं लागलं.

तेव्हा एका विज्ञानकोशाचं काम हातात होतं. सूत्रांची काही पानं झीटेक या पानं लावायच्या प्रोग्रॅममध्ये करायची होती आणि ते मशीनवर नव्हतं. दोन महिने अपडेट मारला नव्हता, घरचं इंटरनेट बंद, फोनच्या डेटावर काम चाललेलं. सगळं अपडेट करायचं तर भरपूर डेटा जाणार. म्हणून मी पॅकमॅनला, म्हणजे आर्चवर पॅकेजेस बसवणाऱ्या प्रोग्रॅमला, सांगितलं की यादी तेवढी ताजी कर आणि हे एकच पॅकेज आण. ते आलं, बसलं, पण चालेना. त्याला आयसीयूची नवी फाइल हवी होती.

आयसीयू ही युनिकोडचं काम करणारी लायब्ररी, म्हणजे अनेक प्रोग्रॅम मिळून वापरतात असा कोड. शब्द अकारविल्हे लावताना 'ळ' कुठे बसवायचा, ओळ कुठे तोडता येते, असले निर्णय कितीतरी प्रोग्रॅम तिच्यावर सोपवतात. माझ्यासारखीच्या कामाचा तो कणाच आहे. तिची नवी आवृत्ती वर्षातून साधारण दोनदा येते आणि दर वेळी तिच्या फाइलच्या नावातला आकडा बदलतो. जुन्या आकड्याशी जोडून बांधलेल्या प्रोग्रॅमला नव्या आकड्याची फाइल चालत नाही.

मी फक्त आयसीयू नव्या आवृत्तीवर नेली. झीटेक चालू झालं. लिब्रेऑफिस बंद पडलं. घाबरून मागे यायला पॅकमॅन चालवला, तर तोही उघडेना. पॅकमॅनला चालायला ज्या लायब्ररी लागतात त्यांच्या साखळीत आयसीयूही होती, जुन्या आकड्याची. दुरुस्तीचं हत्यारच मी मोडून बसले होते. रात्री अकरा वाजता, दुसऱ्या दिवशी पानं प्रेसला द्यायची असताना.

सुटका झाली ती आर्चच्या यूएसबीवरून. तिच्यावरून मशीन सुरू केलं, डिस्क जोडली आणि यूएसबीवरच्या पॅकमॅनला त्या डिस्कवर पूर्ण अपडेट करायला लावलं. जो डेटा वाचवायला हे सगळं केलं होतं, तो आता शेजाऱ्यांच्या वायफायवरून घेतला. पहाटे तीन वाजता लिब्रेऑफिस उघडलं आणि शब्दसूची जागेवर होती.

त्या रात्री मोडलं काय, हे नंतर शोधत गेले. आयसीयूची नवी आवृत्ती एक्स्ट्रात टाकण्याआधी आर्चची माणसं तिच्यावर अवलंबून असलेली सगळी पॅकेजेस पुन्हा बांधतात. ती आधी स्टेजिंग या वेगळ्या रेपोत जमवतात, मग टेस्टिंगमध्ये जातात, तिथे धाडसी मंडळी वापरून बघतात, आणि मग सगळी मिळून एकदम मुख्य रेपोत उतरतात. म्हणजे कुठल्याही क्षणी रेपोत जे आहे ते एकमेकांसाठी बांधलेलं आहे. कालच्या संचातलं एक आणि आजच्या संचातलं एक असं मी घेतलं आणि त्यांची मेहनत उसवली. अर्धवट अपडेटची जबाबदारी आर्च घेत नाही, हे आर्चच्या विकीवर स्पष्ट लिहिलेलं आहे. मी ते वाचलंही होतं, पण ते वाक्य मला सावधगिरीची सूचना वाटलं होतं. ती रेपोची व्याख्याच आहे.

तेव्हा पहिल्या प्रश्नाचं उत्तर हे. भीती वाटावी अशी गोष्ट नवेपणा नाही, अर्धवटपणा आहे. पूर्ण संच घेतला तर इतक्या वर्षांत माझं मशीन फार थोड्या वेळा अडलं, आणि त्यातल्या बहुतेक वेळा आर्चच्या बातम्यांत आधीच लिहिलेलं होतं. 2025 च्या जूनमध्ये फर्मवेअरचं मोठं पॅकेज फोडून लहान लहान केली, तेव्हा जुनं हाताने काढून मग अपडेट करावं लागत होतं. बातमीत दोन ओळींत कृती दिली होती. दोन मिनिटांचं काम.

आता त्या मुलीचा प्रश्न. नाही, त्या माणसांना मी कधी भेटलेले नाही. पण प्रत्येक पॅकेजवर ते बांधणाऱ्याची डिजिटल सही असते. ही सोय 2011 च्या ऑक्टोबरमध्ये पॅकमॅन 4.0 बरोबर आली. त्याआधी वर्षानुवर्षं लोक विनासहीची पॅकेजेस बसवत होते, हे आठवलं की आजही अस्वस्थ व्हायला होतं. नव्या माणसाची सही करायची किल्ली ग्राह्य धरायची तर मोजक्या मुख्य किल्ल्यांपैकी किमान तीन किल्ल्यांची सही तिच्यावर लागते. त्यामुळे ज्या मिररवरून (रेपोची प्रत ठेवणाऱ्या सर्व्हरवरून) मी फाइल ओढते तो कुणाचा आहे याची मला फिकीर करावी लागत नाही. वाटेत कुणी फाइल बदलली तर सही जुळणार नाही. एक फट मात्र आहे. आज हे लिहितेय तेव्हाही यादीवर सही नसते, त्यामुळे एखादा मिरर शिळी यादी देत बसला तर पॅकमॅन तक्रार करणार नाही. म्हणून मिररचं शेवटचं सिंक कधी झालं ते मी अधूनमधून बघते.

पण सही सांगते ती एवढंच, की हे पॅकेज अमक्याने बांधलं. त्याने बांधलेलं मूळ साहित्यच विषारी असलं तर? 2024 च्या मार्चमध्ये तेच झालं. एक्सझेड या कॉम्प्रेशनच्या साधनात, 5.6.0 आणि 5.6.1 या आवृत्त्यांत, चोरदरवाजा सापडला. अँड्रेस फ्रॉइंड या पोस्टग्रेसवर काम करणाऱ्या माणसाला एसएसएचने, म्हणजे दूरच्या मशीनवर, लॉगिन करायला अर्धा सेकंद जास्त लागतोय असं दिसलं, आणि तो त्या अर्ध्या सेकंदाच्या मागे लागला. डेबियन या दुसऱ्या लिनक्सच्या स्टेबलमध्ये (सावकाश बदलणाऱ्या आवृत्तीत) जुनं एक्सझेड होतं, त्यांना धक्काही लागला नाही. आमच्या रेपोत विषारी आवृत्ती पोचलेली होती, माझ्या मशीनवरसुद्धा. आर्चमध्ये एसएसएचचा सर्व्हर एक्सझेडच्या लायब्ररीशी जोडलेला नव्हता आणि तो कोड डेब किंवा आरपीएम (इतर लिनक्सच्या पॅकेजचे प्रकार) बांधलं जात असेल तेव्हाच आत शिरायचा, म्हणून तो ज्ञात हल्ला आमच्याकडे लागू झाला नाही. आर्चने ताबडतोब 5.6.1-2 काढलं, तेही प्रसिद्ध केलेल्या टारबॉलऐवजी (कोडच्या गठ्ठ्याऐवजी) थेट गिटमधल्या, म्हणजे प्रत्येक बदलाची नोंद ठेवणाऱ्या साठ्यातल्या, कोडवरून बांधून, कारण विष कामाला लावणारा तुकडा फक्त टारबॉलमध्ये होता.

ही बातमी आली त्या शुक्रवारी रात्री मी अपडेट मारला आणि बराच वेळ बसून राहिले. सतत नवं घेणाऱ्याला दुरुस्ती लवकर मिळते, तसं विषही लवकर मिळतं. हे मी लपवत नाही. ज्यांना एसएसएचचे सर्व्हर चालवायचेत त्यांना मी डेबियनच सांगते. माझ्या दिरांच्या दुकानातल्या बिलिंगच्या मशीनवरही मीच डेबियन बसवून दिलंय. तिथे नव्या फाँटचं किंवा देवनागरी जोडाक्षरांच्या सुधारणेचं कुणाला काही नाही. मला आहे. हार्फबझ ही अक्षरं जुळवणारी लायब्ररी सुधारली की रफार, वेलांटी कुठे बसते यात फरक पडू शकतो, आणि ती सुधारणा मला त्या महिन्यातच हवी असते.

एयूआर (आर्च वापरणाऱ्यांनीच भरलेला साठा) म्हणजे रेपो नव्हे, हेही सांगायला हवं, कारण पुष्कळ जण दोन्ही एकच समजतात. तिथे कुणीही पॅकेज बांधायची कृती टाकू शकतं, वरची सह्यांची साखळी तिथे नसते. 2018 मध्ये बेवारस झालेली काही पॅकेजेस कुणीतरी ताब्यात घेऊन त्यांत घातक कोड घातला होता. 2025 च्या जुलैत पुन्हा तसंच, ब्राउझरच्या नावांशी मिळतीजुळती नावं घेऊन. एयूआरमधलं घ्यायचं तर ती कृती आधी वाचायची. मी दोनच गोष्टी घेते आणि दोन्ही दर वेळी वाचते.

बाकी माझी शिस्त साधी आहे. अपडेट रविवारी सकाळी, आधी बातम्या वाचून. प्रेसला पानं जायच्या आठवड्यात अजिबात नाही, आणि त्या आठवड्यात नवं पॅकेजही नाही. नेहमीच्या कर्नलसोबत (कर्नल म्हणजे सिस्टिमचा गाभा) एलटीएस, म्हणजे दीर्घकाळ सांभाळला जाणारा, कर्नल बसवलेला. काही बिघडलंच तर आर्चच्या अर्काइव्हमध्ये रेपोची रोजची प्रत तारखेनुसार ठेवलेली असते. मिररच्या यादीत त्या तारखेचा पत्ता लिहिला की अख्खी सिस्टिम त्या दिवशीच्या संचावर परत नेता येते, सगळी एकत्र. एका कोशाच्या दुसऱ्या आवृत्तीसाठी मी तसं एकदा केलंय. पहिल्या आवृत्तीची पानं ज्या आठवड्यात प्रेसला गेली होती त्या आठवड्याची तारीख घातली, आणि सूचीतल्या ओळी जिथे तुटल्या होत्या तिथेच पुन्हा तुटल्या.